दाजींचा कुरकुरीत हट्ट

कॅल्गरीच्या विमानतळावर दाजींनी प्रवास कसा झाला ते विचारलंच नाही. "पोटात जागा आहे ना?" म्हणाले. मिरजेहून निघाल्यापासून विमानातलं बेचव खाऊन कंटाळलेला मी लगेच हो म्हणालो. बाहेर पडताच थंडीने नाकातले केस ताठ झाले. बर्फ सगळीकडे, पण ओल कुठेच नाही; कोरडी हवा, निळंभोर आकाश आणि दूर पश्चिमेला डोंगरांची पांढरी रांग. गाडी मात्र घराकडे न वळता एका लाँड्रीशेजारच्या चिंचोळ्या दुकानापाशी थांबली.

"हे आमचं व्हिएतनामी सब," दाजी म्हणाले. मूळ नाव बान्ह मी (व्हिएतनामी भाषेत याचा अर्थ नुसता पाव), पण कॅल्गरीकरांच्या तोंडी सबच बसलंय. वीतभर लांब पाव, त्यात गवती चहा लावून भाजलेलं चिकन, काकडी, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि साखर-व्हिनेगरमध्ये मुरलेलं गाजर नि मुळा. आपल्याकडे गवती चहा आधणाबाहेर कधी पडला नाही. इथे त्याने कोंबडीशी संसार थाटला होता. पहिल्या घासाला पाव कर्रकन मोडला आणि त्याचा चुरा माझ्या नव्या जाकिटावर सांडला. आत मात्र अगदी मऊ. मी लगेच दुसरा घास घेतला. दाजी माझ्या तोंडाकडे टक लावून बसले होते.

"आता तूच सांग," ते म्हणाले, "हे सोडून व्हिटबीला जायचं?"

मला बोलावलं होतं ते याच भांडणासाठी. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, इथल्या तेलकंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांची मुलगी ऋजुता टोरांटोजवळ व्हिटबीला राहते. तिने या दोघांसाठी खालचा मजला तयार ठेवला आहे. अक्का एका पायावर तयार. दाजींचा मात्र नन्नाचा पाढा. मेहुण्याचं तरी ऐकतील, ही अक्काची भाबडी आशा.

घरी चहा टाकता टाकता तिने सगळं ओतलं. "बर्फ शोव्हल करून करून ह्यांची कंबर गेली रे. मागच्या विंटरला ड्राइव्हवेवर स्लिप झाले. मी बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीन लावलेलं, हाका ऐकूच आल्या नाहीत. शेजारणीने बघितलं म्हणून बरं." तिने गाळणं ओट्यावर आपटलं. "आणि हे म्हणतात, तिकडे सब मिळत नाही!"

"नाहीच मिळत," दाजी पेपरामागून म्हणाले. "घरी तसा पाव करून दाखव, मी उद्या मूव्ह व्हायला तयार आहे."

अक्काने शब्द पकडला. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ बघत तिने पीठ भिजवलं, गाजर-मुळा किसून मुरवला. तो इतका फक्कड झाला की मी येता-जाता चिमटीने पळवत होतो. पावही ओव्हनमधून सोनेरी होऊन आले. पण जेवायला बसलो तर चामट! दाजींनी दोन्ही हातांनी ओढून बघितला. "हे काय, विंटर टायर केलंस?"

पुढच्या खेपेलाही तेच. दाजींनी कारणं काढली: शहर उंचावर, ओव्हन जुना, पीठ बरोबर नाही. ते जिंकत होते आणि खुशीत होते. अक्का मात्र पाठ करून भांडी घासत राहिली. मला तिचं फार वाईट वाटलं.

म्हणून मी एकटाच दुकानाकडे निघालो. दाजींनी शिकवल्याप्रमाणे सी-ट्रेनमध्ये (विजेवर चालणारी शहरातली गाडी) ऐटीत बसलो. बर्फाळ नदी दोनदा ओलांडल्यावर शेजारच्या सरदारजींना दुकानाचा पत्ता विचारला. "अंकल, आप तो उल्टी साइड जा रहे हो," ते म्हणाले. मिरजेत मी लोकांना रस्ते सांगतो! मुकाट्याने उतरलो आणि परतीची गाडी धरली.

दुकानात पावांची टोपली नुकतीच बाहेर आली होती. मालकीणबाईंनी कागदी पिशवीत एक गरम पाव घातला. मी आपला सवयीने पिशवीचं तोंड घट्ट मुडपलं. त्यांनी काउंटरवरून हात लांबवून ते पुन्हा उघडलं.

"उघडंच असू द्या. वाफ आत राहिली की पाव रडतो," त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मी तिथेच उभा राहिलो. अक्काने दोन्ही वेळा पाव ओव्हनमधून काढले, स्वच्छ फडक्यात गुंडाळले आणि पोळ्यांच्या डब्यात घालून झाकण लावलं होतं. आम्ही तिघेही समोर होतो आणि तिघांनाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. गरम काही उतरवलं की झाकायचं, हे आपल्याला दूध सुटण्याआधीच कळलेलं असतं!

घरी आल्याबरोबर मी अक्काला पुन्हा पाव करायला लावले आणि पोळ्यांचा डबाच लपवला. अक्का फडकं घेऊन माझ्यामागे फिरत होती. "अरे, उघडं कसं ठेवायचं? निवेल ना!"

"निवू दे," मी म्हणालो.

पाव ओव्हनमधून काढून जाळीवर तसेच उघडे ठेवले. थोड्या वेळाने त्यांच्यातून मोहरी तडतडल्यासारखा बारीक आवाज येऊ लागला. पेपर ठेवून दाजी जवळ आले आणि कान देऊन उभे राहिले. अक्काने चिकन, काकडी, कोथिंबीर भरली. दाजींनी घास घेतला. कर्र! स्वेटरवर चुरा पडला. त्यांनी अख्खं सब संपवलं, स्वेटरवरचा चुराही वेचून खाल्ला.

"ऋजूला फोन लाव," ते म्हणाले. "विचार, खालच्या मजल्यावरचा ओव्हन चालतो का."

अक्का रडली आणि मग, काय बघतोस म्हणून मलाच रागावली.

मिरजेला परतल्यावर बायकोने पोळ्यांचा डबा झाकला की मला हसू येऊ लागलं. आपल्या पोळीला ऊब हवी, त्या पावाला वारा. दोन्ही पोटभर खाऊन आलो, याहून प्रवासाने माणसाला आणखी काय द्यावं?

परवा व्हिटबीहून दाजींचा फोन आला. आवाज एकदम बारीक.

"अरे, इथं कोपऱ्यावरच व्हिएतनामी दुकान आहे. चांगलं आहे की!"

"मग चैन आहे!"

"हळू बोल. तुझ्या अक्काला अजून माहीत नाही. दर शनिवारी घरी पाव भाजते ती. कळलं तर बंद करेल ना!"

तेवढ्यात मागून अक्काची हाक आली, "अहो, पाव बाहेर काढलेत. झाकू नका हं कुणी!"