ज्ञानू शाहिरांचं नावाचं कडवं

लाल दिवा लागलेला होता आणि ज्ञानू शाहीर माझ्या हातातल्या कागदावर नसलेलं गात होते. लाल दिवा म्हणजे कार्यक्रम थेट चालू आहे. एकदा बोललेलं परत घेता येत नाही.

पन्नासच्या दशकात मी रेडिओवर गावकऱ्यांच्या कार्यक्रमाचा असिस्टंट होतो. शाहीर भोसरीचे शेतकरी. दर गुरुवारी संध्याकाळी ते माइकवर बियाण्याच्या, विहिरींच्या गप्पा मारत आणि शेवटी स्वतः रचलेलं गाणं म्हणत. गाण्याचा शब्दन् शब्द मी आधी टाइप करून डायरेक्टरांची सही घ्यायचो. नावाचं कडवं तेवढं सोडायचो. शाहीर शेवटी आपलं नाव-गाव गुंफतो, ते हे कडवं. त्यात तपासायचं काय डोंबल!

त्या गुरुवारी कडवं आलं ते असं:

भोसरी माझं गाव, ज्ञानू शाहीर नाव,
पाठचा माझा भाऊ घरी आला न्हाई राव.
पिंपरीच्या चरात त्याच्या अंगावर पडली माती,
पळाला म्हनू नका, त्याला उकरा रं हाती.

काचेपलीकडून इंजिनिअर खुणेनं विचारत होता, बंद करू का? मी नुसता बघत राहिलो. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं, मला सुचलंच नाही.

बाहेर आल्यावर मी ओरडलो, "शाहीर, माझी नोकरी घालवलीत!"

"चार दिस झालं, सायेब. नव्या कारखान्याच्या नळाचा चर खणाया गेला. मुकादम म्हनतो, पळाला. चपला काठावर हायेत. अनवानी कोन पळतंय?"

"मग मला आधी सांगायचं!"

"तुमी इचारलं कुटं? तुमी कागूद मागितला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिंपरीच्या एका हॉटेलात शिफ्ट सुटलेल्या कामगारांनी ते कडवं ऐकलं. फावडी घेऊन ते थेट चरावर गेले. मुकादम आडवा आला, त्याला बाजूला सारलं. भाऊ सापडला. त्याच्याखाली आणखी एक माणूस सापडला. मुकादमाच्या लेखी तोही पळालेला. कुठला, कोणाचा, कोणालाच सांगता येईना. हे सगळं मला फोनवर कळलं.

मला मेमो मिळाला. त्यानंतर नावाचं कडवंही तीन प्रतींत टाइप होऊ लागलं.

महिन्याभरानं शाहीर परत आले. कडवं लिहूनच आणलं होतं. उजव्या मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन, पुढचा दात तुटलेला, वय पंचविशीचं, कुणाच्या घरचा असेल तर सांगा, असं त्यात होतं.

डायरेक्टरांनी कागद दोनदा वाचला. "ह्यात तुमचं नाव कुठे आहे?"

"माजं नाव ठाव हाय लोकांस्नी," शाहीर म्हणाले. "त्याचं न्हाई."

डायरेक्टरांनी सही केली. शाहिरांनी ते कडवं सलग चार गुरुवार गायलं. कोणीही आलं नाही.

मी मात्र रिटायर होईपर्यंत कागद मागायच्या आधी माणसाला घरचं विचारत आलो. त्यात पाच मिनिटं जातात.