वसंतमामांचा हात

वसंतमामा गेल्याचं मामीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी सर्जापूर रोडवर गाड्यांच्या गर्दीत अडकले होते. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते एवढंच, की त्यांच्या देखत खरं सांगायचं राहूनच गेलं...

मामांचं आयुष्य एका सरकारी कारखान्यात यंत्रांच्या सोबतीनं गेलं. निवृत्तीनंतर बनशंकरीच्या घराचा व्हरांडा हाच त्यांचा कारखाना. गल्लीतले मिक्सर, पंखे, ग्राइंडर तिथं येत, मागोमाग त्यांचे मालक येत. कॉफी होई, गप्पा रंगत. नोकरीसाठी पुण्याहून इथं कानडी मुलखात आल्यावर माझे रविवारही तिथंच जायचे. मामा शिकवायचे. "सहा मिलिमीटरच्या स्क्रूसाठी आटे पाडायचेत, तर ड्रिल कितीचं?" मी म्हणे, सहाचं. "मग आटे काय हवेत पाडणार? दोन आट्यांमधलं अंतर वजा कर. सहातून एक गेला, पाच." बोल्ट आवळताना मात्र त्यांचं सगळं गणित मनगटात असे. डोळे मिटून पाना फिरवत पुटपुटायचे, "अजून स्वल्प... स्वल्प... सरी!" आणि त्या कानडी 'ठीक'वर थांबायचे.

पुढं त्यांचा हात थोडा थरथरू लागला. मला कणव आली, आणि माझी कणव नेहमी ऑनलाइन खरेदीतून बाहेर पडते. वाढदिवसाला मी त्यांना टॉर्क रेंच दिला, म्हणजे ठरवलेला जोर लागला की 'टक्' वाजणारा पाना. तेव्हा टेबलावर शेजारच्या सुमतीअक्कांचा ग्राइंडर उघडलेला होता. अक्का पिढ्यान्‌पिढ्या इथंच रुजलेल्या मराठी घरातल्या, मामांना अण्णा म्हणणाऱ्या. त्याही समोरच बसल्या होत्या. मी फोनवर तक्ता शोधून आकडा लावून दिला. "आता अंदाज नको, मामा. टक् वाजेपर्यंत फिरवा."

"अगं, बोल्ट पोलादी आहे, पण आटे मऊ ॲल्युमिनियममधले..."

"तक्त्यात दिलंय ना!"

भाचीचं मन मोडू नये म्हणून त्यांनी फिरवला. टक् वाजलंच नाही. बोल्ट एकदम सैल फिरू लागला. आटे गेले होते. माझा तक्ता पोलादात पोलाद आवळण्याचा होता. करायला गेले गणपती, झाला मारुती. मामा अक्कांना म्हणाले, "माझाच हात घसरला." मी शेजारी उभी होते, आणि गप्प बसले.

मामांनी ते भोक मोठ्या ड्रिलनं वाढवलं, नवे आटे पाडून जाड बोल्ट बसवला आणि ग्राइंडर चालू करून दिला. पण त्यानंतर व्हरांड्यात वस्तू येईनाशा झाल्या, माणसंही. रिकामं टेबल बघून मी त्यांना म्हटलं होतं, "बरं झालं, आता निवांत बसा." ते नुसते हसले. त्या वाक्याची मला आज लाज वाटते.

तेराव्याला मामीनं त्यांचा लाकडी ठोकळा माझ्यापुढं ठेवला. त्याच्या भोकाभोकांत ड्रिलं उभी होती. पाचचं ड्रिल पुन्हापुन्हा धार लावून बोटाच्या पेराएवढं उरलेलं. ते हातात घेतलं आणि मला राहवेना. बाजूला बसलेल्या अक्कांना सगळं सांगून टाकलं, की त्या दिवशी मामांचा हात घसरला नव्हता, चूक माझ्या आकड्याची होती.

अक्कांनी ते ड्रिल माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, अण्णांचा हात गेला. त्यांना लाजवायचं कशाला, म्हणून आम्ही सगळं दुकानात नेऊ लागलो..." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "रोज विचारायचे गं मला, अक्का, काही बिघडलं नाही का? आणि मी म्हणायची, इल्ला अण्णा, काही नाही, सगळं नीट चाललंय."