चातुर्मास कोणाकडे

माझा मुलगा, सून आणि नात गेली काही वर्षे शिडाच्या बोटीवर राहतात. सहलीला नव्हे, तेच त्यांचे घर. कोकणातून खाली केरळपर्यंत जातात आणि परततात. मुलगा बोटीवरूनच संगणकाचे काम करतो, सून मुलीला शिकवते. कपडे समुद्राच्या पाण्यात धुतात आणि शेवटी तांब्याभर गोड्या पाण्यातून काढतात. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेल्या मला ही काटकसर पसंत पडली. बोट पसंत पडली नाही. पण मला कोणी विचारले नव्हते.

पावसाळ्यात बोट खाडीकाठी ओढून ठेवतात आणि तिघे जमिनीवर राहायला येतात. कोणाकडे, हा प्रश्न असतो. आम्ही साताऱ्याचे. व्याही सांगलीकडचे, जैन, द्राक्षबागवाले. आजवर उत्तर दर वर्षी सांगली असेच आले.

गेल्या हिवाळ्यात व्याही पंधरवडाभर बोटीवर राहून आले. बोलावणे मलाही होते. मी ‘बघू’ म्हणालो. माझ्या ‘बघू’चा अर्थ होकार असतो हे घरात सर्वांस ठाऊक आहे, असा माझा समज होता.

व्याही उतरले, पण त्यांचा नियम बोटीवर राहिला. दिवस मावळण्याआधी जेवायचे. बोटीवरची वीज उन्हावर साठवलेली. दिवे कमी जळतात, म्हणून मुलालाही ते सोयीचे वाटले. माझ्या घरी नऊपूर्वी ताटावर न बसणारा मुलगा सासऱ्याच्या वेळेवर जेवू लागला. पोहायला त्याला मी शिकवले होते, माहुलीला, कृष्णेत. त्याचा तेथे उपयोग दिसत नव्हता. बोट बुडत नव्हती.

वैशाखात व्याह्यांचा फोन आला.

“आवं, पावसाळ्यात आमचं मुनीसुद्धा एका गावात थांबत्यात. चातुर्मास हाय. पोरं यंदाबी हितंच राहू द्या.”

“त्यांना विचारा.”

“विचारलं की. नातीला येळंवर जेवायची सवय लागलीया. तुमच्याकडं लय उशीर हुतो म्हनं.”

दुसऱ्या दिवशी मी सहा वाजता पाटावर बसलो.

“बरं नाही का?” पत्नीने विचारले.

“वाढ.”

तिने भाकरी वाढली. “व्याह्यांवरचा राग पोटावर काढताय. रात्री भूक लागली तर मला उठवू नका.”

भूक लागली. उठवले नाही.

रविवारी मुलाचा फोन आला. पडद्यावर मागे नात बसून शेंगा सोलत होती. यंदाही सांगलीलाच राहावे म्हणतो, असे तो म्हणाला; कारण तेच, जेवणाची वेळ.

“आम्हीही सूर्यास्तापूर्वीच जेवतो,” मी म्हणालो.

“तुम्ही? कधीपासून?”

“सवय आहे.”

“मंगळवारपासून,” पत्नी शेजारून म्हणाली.

मुलगा हसू लागला, सूनही हसली. मी हसलो नाही. मग त्याने विचारले, “बाबा, आम्ही तुमच्याकडे यावं असं वाटतं का तुम्हाला? कधी बोलला नाहीत.”

“या,” मी म्हणालो.

ठरले ते असे: आषाढ-श्रावण सांगलीला, भाद्रपदापासून बोट पाण्यात उतरेपर्यंत साताऱ्याला. व्याह्यांनी लगेच फोन केला.

“आवं, चातुर्मासात मुक्काम हलवत न्हाईत.”

“मग तुम्ही हलू नका. पोरं इकडे येतील.”

ते मोठ्याने हसले. त्यांना हसणे सोपे होते. पहिले दोन महिने त्यांना मिळाले होते. आज आषाढातला पहिला सोमवार. तिघे काल सांगलीला पोहोचले. आता सहा वाजले आहेत. तिकडे पाने मांडली असतील.