काय हरकत न्हाई

कुपवाडपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या गावात बाळगोंडा पाटलांना सगळे अण्णा म्हणत. माणूस इतका भिडस्त, की कुणाला तोंडावर नाही म्हणायचं तर त्यांना घाम फुटायचा. शेजाऱ्यानं फवारणीचा पंप मागितला, "न्या की, काय हरकत न्हाई." भावकीनं बांध हातभर सरकवला, "असू दे, काय हरकत न्हाई." गाव तोंडावर देवमाणूस म्हणायचं आणि पाठीमागं फिदीफिदी हसायचं. बायको आक्काताई तेवढी फटकन बोलायची, "उद्या अंगावरचं धोतर मागतील, ते बी द्या सोडून!"

एका गोष्टीत मात्र अण्णा पक्के होते. रस्त्याकडेचा दहा गुंठ्यांचा तुकडा कीर्तीचा. कीर्ती त्यांची एकुलती एक लेक. नवऱ्यानं मारझोड करून हाकललेली, पाच वर्षं माहेरी होती. रोज गाडीवरून कुपवाडच्या कारखान्यात कामाला जायची आणि पै-पै साठवायची. त्या तुकड्यात तिला स्वतःचं दोन खोल्यांचं घर बांधायचं होतं. चुन्याची फक्की मारून पायाची आखणीसुद्धा झाली होती.

अशात विजेच्या मोठ्या लाइनचं काम आलं. असली लाइन, की तारांखाली घर बांधायला बंदी. कंपनीनं शाळेत बैठक लावली. मागं बॅनर, 'ग्रामस्थांशी विचारविनिमय'. माईक, खुर्च्या, चहा, खारी, सगळा थाट! भिंतीवरच्या नकाशात लाइन गावपुढारी उदयसिंह यांच्या माळावरून गेली होती. त्यांनी माईकच हिसकावून घेतला. "माझ्या रानात पाय ठिवला तर तंगडं मोडीन एकेकाचं!"

कंपनीचा साहेब हसला आणि अण्णांपाशी येऊन वाकून नमस्कार केला. "अण्णा, दुसरा मार्ग म्हणून तुमच्या रस्त्याकडच्या तुकड्याची नुसती पाहणी केली, तर चालेल ना?"

आता गावात आलेल्या माणसाला एवढ्यासाठी नाही म्हणायचं? अण्णा म्हणाले, "करा की. काय हरकत न्हाई."

साहेबाचं पेन चाललं. त्यानं कागद पुढं केला, अण्णांनी न वाचता सही ठोकली. वर त्याला घरी जेवायला नेलं. साहेब जेवला बी दणकून. वाढलं कीर्तीनंच.

दोन महिन्यांनी टॉवरच्या खुणेचे दगड तिच्या तुकड्यात रोवले गेले, बरोबर आखणीच्या मधोमध. कीर्तीनं तालुक्याला चार हेलपाटे घालून त्या बैठकीच्या नोंदींची नक्कल काढली. उदयसिंह यांच्या नावापुढं लिहिलं होतं, 'तीव्र हरकत, मार्ग बदलावा.' बाळगोंडा पाटील यांच्या नावापुढं, 'हरकत नाही.' खाली अण्णांची ठसठशीत सही.

कंपनीच्या ऑफिसात अण्णा रडकुंडीला आले. "साहेब, मी पाहणीला म्हनलो हुतो! ती बोलायची रीत हाय आमची. तसं मी समद्यांनाच म्हनतो!"

साहेबाचा आवाज तेव्हाही लोण्यासारखाच. "पण अण्णा, आम्ही तुम्हाला विचारलं होतं ना?"

विचारलं होतं, हे खरंच होतं. ज्यानं तंगडं मोडायची भाषा केली त्याच्या रानाला वळसा घालून लाइन वाकली, आणि ज्यानं पाहुणचार केला त्याच्या लेकीच्या घराच्या पायावर टॉवर बसला. अण्णांनी पुढं अर्जावर अर्ज केले. प्रत्येकाची पोच मिळाली. टॉवर उभा राहिला तो राहिलाच.

कीर्ती रडली नाही, भांडली नाही. आणि एका रविवारी सकाळी कपड्यांची पिशवी गाडीला अडकवली.

"कुठं निघालीस गं?" अण्णांनी दारातून विचारलं.

"कुपवाडात भाड्यानं खोली घेतलीय. तिथंच ऱ्हाणार आता."

"आगं, घर सोडून चाललीस, आन् मला एका शब्दानं बी इचारलं न्हाईस?"

कीर्ती गाडीवर बसलेली होती. तिनं मान वळवून बापाकडं पाहिलं.

"माझं स्थळ आलं तवा समद्यांनी तुमालाच इचारलं हुतं, अण्णा."

तिनं गाडी चालू केली. आक्काताई डोळ्याला पदर लावून तिच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेली. अण्णा दारातच उभे राहिले.