मगरीसाठी नवरा

मी लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं लिहिते, चित्रंही मीच काढते, आणि एका मगरीपायी मी माझा नवरा हिरवा रंगवला होता.

इलाजच नव्हता! "मगर खरी वाटत नाही," म्हणून प्रकाशकांनी चित्र दोनदा परत पाठवलं होतं. (त्यांनी मगर कुठे पाहिली होती, देव जाणे!) आता शेवटची संधी. माझा नवरा संदेश नुकताच रात्रपाळी करून आला होता. बोईसरच्या चाळीतल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत उजेड फक्त दाराशी, म्हणून त्याला उघड्या दारातच पालथा झोपवला आणि उघड्या पाठीवर रंगाने खवले काढले.

"तोंड उघड. अजून! हलू नकोस."

"झोपलो तर चालेल?"

"पळेल!" आणि तो खरंच झोपला. मी शेपटीसाठी लोड आणायला आत गेले.

तेवढ्यात शेजारच्या भाभी बाहेर आल्या. केमिकलच्या कारखान्यातला माणूस, दारात पालथा, तोंड वासलेलं आणि हिरवागार!

"अरे दौडो! भैया को गैस लग गयी!"

मी लोड घेऊन धावले. "काही झालं नाही हो! तो मगर आहे!"

भाभींनी हंबरडाच फोडला. "हाय राम! इसके दिमाग पे भी चढ गयी!"

मी संदेशला उठवायला वाकले, तर "छूना मत!" म्हणत धावून आलेल्या चौघी शेजारणींनी मला मागे ओढलं. तोवर कुणीतरी बाजारात निरोप धाडला. माझ्या सासूबाई सातपाटीच्या, त्या दिवशी बोईसरला मासळी विकायला बसलेल्या. टबासकट रिक्षाने आल्या.

"सरा बाजूला! माजा पोऱ्या हाय तो!" आणि पापलेटांखालचं बर्फाचं अख्खं पाणी त्यांनी त्याच्यावर ओतलं.

हिरवा लोंढा जिन्यावरून खाली. खालून ओरडा, "नीचे भी आ गया! भागो!" सगळी चाळ रस्त्यावर!

संदेश उठून बसला. कानावर एक कोळंबी. "शेपटी झाली का गं काढून?"

सासूबाईंनी त्याला छातीशी धरलं. त्याही हिरव्या झाल्या. सगळा प्रकार कळल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "सूनबाई, फुडच्या खेपेला पापलेट काढ. ता हलत नाय!" आणि इतक्या हसल्या, की भाभीही हसायला लागल्या.

त्यावरून काढलेलं चित्र प्रकाशकांना पसंत पडलं. पुस्तक आल्यावर पहिली प्रत मी बाजारात सासूबाईंनाच नेऊन दिली. त्यांनी पदराला हात पुसले, ते पान उघडलं आणि मासळीवाल्यांची अख्खी रांग अभिमानाने गोळा केली.

"माज्या सुनेनं काडलीय! बगा, कशी जित्ती पाल!"