नामदेवआबांची घागर

शारदा मॅडमचा तास चालू असताना शेजारच्या वर्गात गणित शिकवणं म्हणजे लग्नाच्या मांडवात झोप काढणं. तो शेजारचा वर्ग माझा. मी क्ष ची किंमत काढत असतो आणि भिंतीपलीकडून आठवीची पोरं ओरडतात, "पण तो तिथं होता का?"

हा प्रश्न मॅडमनीच शिकवलेला. इतिहासाचं पुस्तक उघडण्याआधी त्या फळ्यावर लिहितात: कोण सांगतंय? तो तिथं होता का? आणखी कोणाला विचारलं? आणि बऱ्हाणपुरात इतिहासाला काय तोटा! पोरं जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख बघून आली आणि आठवडाभर घरच्यांशी वाद घालत बसली. एक पालक माझ्याकडेच आले, म्हणाले, पोरगा आजोबांकडे पुरावा मागतो. मी म्हटलं, मी फक्त क्ष शोधतो, पुढच्या दारात विचारा.

खरं सांगायचं तर मला हे खूळ आवडतं. मॅडमना तसं बोललो नाही, डोक्यावर बसतील.

यंदा त्यांनी पोरांना घरातलं नाव टाकलेलं भांडं आणायला सांगितलं. आपल्याकडे भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव टाकून घेतात, म्हणून तर शेजारच्या लग्नात गेलेली परात घरी परत येते. वर्गात पेले, डबे, पातेली जमली. कोणाची आत्या कुठे दिली, कोणाचे काका कागद कारखान्यात नोकरीला गेले, सगळं त्या भांड्यांवरून निघालं. मॅडमनी स्वतःच्या घरची तांब्याची घागर आणली. घागरीसोबत सासरेही आले, आणि तिथूनच घोळ झाला.

नामदेवआबा इतवारा पेठेत आमच्याच गल्लीत राहतात. गल्लीतला सार्वजनिक नळ आपण आणला, ही त्यांची कहाणी आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. "पहिली घागर माझी भरली. नाव वाचून घ्या," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. घागरीवर नाव आहेच: नामदेव कडू महाजन. गल्लीतल्या मंडळाने सव्वीस जानेवारीला त्या नळावर आबांच्या नावाची संगमरवरी पाटी लावायचं ठरवलं होतं. आबांनी त्यासाठी नवी टोपी घेऊन ठेवली होती.

वर्गात आबांनी कहाणी रंगवून सांगितली. संपल्यावर निंबोल्याहून बसने येणारी मोनाली उभी राहिली.

"आबा, घागर तुम्हीच उचलून नेली होती क्या?"

"म्हंजे? नाव दिसू नाही राह्यलं का तुले?"

"नाव तर आमच्या हंड्यावर पण पप्पांचं आहे. पण पप्पांनी हंड्याला कधी हात नाही लावला. पाणी माय भरते, नहीं तो मी."

भिंतीपलीकडे एकदम शांतता झाली म्हणून मी खडू हातात घेऊनच त्यांच्या दाराशी आलो.

"अनिकेतची माय नेत होती," आबा म्हणाले. अनिकेत म्हणजे त्यांचा मुलगा, मॅडमचे यजमान. "बायकायचंच काम ते."

"त्यांचं नाव काय होतं?"

त्यांच्या पिढीत बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. "अनिकेतची माय," ते पुन्हा एवढंच म्हणाले.

मॅडमना विषय तिथंच बंद करता आला असता. सासरे त्यांचे, पाटी घरची, आणि संध्याकाळी त्यांनाच जेवायला वाढायचं होतं. त्या फळ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणखी कोणाला विचारायचं?"

दुसऱ्या दिवशी पोरांनी पलीकडच्या गल्लीतल्या जुबेदा खालांना वर्गात आणलं. आबाही आले, साक्षीदार काय बोलतो ते ऐकायला. खाला खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"अरे बेटा, हम सब औरतें खाली घड़े लेकर नगरपालिका के दफ़्तर के सामने बैठ गई थीं. इनकी घरवाली चंद्रभागा सबसे आगे. साहब बोले, घर जाओ. वो बोली, घर में पानी कहाँ है?"

"और आबा?" मोनालीने विचारलं.

"ये? ये तो नल चालू हुआ तब आए. नई टोपी पहन के!"

पोरं खो-खो हसली. मला हसू आलं नाही. आबा मान खाली घालून निघून गेले तेव्हा त्यांची दया आली, आणि मॅडमचा रागही आला. एवढा खरेपणा घरात कशाला न्यायचा? मॅडम मधल्या सुट्टीत डबा न उघडताच बसल्या होत्या. "आबा माझ्याशी बोलतील का हो, सर?" त्यांनी विचारलं. मी माझा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

घरात आबांनी बोलणं टाकलं. जेवत होते, पण ताटाकडे बघून. मग रविवारी सकाळी घागर छातीशी धरून माझ्या दारात उभे राहिले.

"सर, स्कूटर काढा."

आधी आम्ही मंडळाच्या नंदकुमारकडे गेलो. "त्या पाटीवरचं माझं नाव काढ," आबा म्हणाले. "आमच्या सूनबाई सांगतील ती नावं टाक." नंदकुमार चहा घ्या म्हणत राहिला, आबा थांबले नाहीत. तिथून भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने नाव टाकायचं मशीन हातात घेतलं, घागर आडवी केली.

"बोला आबा, काय नाव टाकू?"

आबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

"चंद्रभागा," ते म्हणाले. आवाज चांगलाच मोठा निघाला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

मशीन कुरकुरत चाललं. नाव उमटल्यावर दुकानदाराने सवयीने विचारलं, "पुढे नवऱ्याचं नाव?"

"ते हाये वरती," आबा म्हणाले. "लय दिवसापासून जागा अडवून बसेल हाये."