कॅसेट पुढे पळवायची नाही

कॅसेट, नकाशे, सीडी असल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या आम्हा ग्रंथपालांची खान्देशात एक छोटीशी संघटना आहे. बैठक कधी जळगावला, कधी धुळ्याला. घरचे तिला ‘कॅसेटवाल्यांची भिशी’ म्हणतात. म्हणू देत बापडे. पुस्तक उघडलं की आत काय आहे ते दिसतं. कॅसेटचं तसं नाही, आणि मला तेच भारी आवडतं. लेबलवर भजन आणि आत कुणाच्या तरी हळदीतला गोंधळ, असं कितीदा निघालंय! म्हणून आमचा दंडकच आहे की कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, पुढे पळवायची नाही, मगच नोंद करायची.

परवा धुळ्याच्या बैठकीला मी एरंडोलकडच्या एका अक्कांना घेऊन गेले. त्यांच्या गावच्या गुरुजींनी हौसेने बायकांची गाणी रेकॉर्ड केली होती. गुरुजींच्या माघारी त्या कॅसेट आमच्या वाचनालयात आल्या. एकीवर अक्कांच्या आईचं नाव होतं. आई गेली तेव्हा अक्का एवढ्याशा होत्या, आवाजही आठवत नव्हता. मामाकडे वाढताना मामीकडून एकच ऐकलेलं, की तुझ्या मायला गाण्यापुढे पोरगीसुद्धा दिसत नव्हती.

‘माले तिना आवाज ऐकनं शे,’ अक्का म्हणाल्या.

कॅसेट लावली. नुसती खरखर. मग कोंबडा, भांडी, गुरुजींचा खोकला. गाणं कुठे दडलंय या उत्सुकतेने माझा हात बटणाकडे शिवशिवला, तर आमच्या अध्यक्षांनी डोळे वटारले. चहा आला, गार झाला. अक्का पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या.

‘हं, म्हणा आता,’ कॅसेटमधले गुरुजी म्हणाले.

आणि बाईचा खणखणीत आवाज आला, ‘थांबा ना गुरुजी. पोर भुकी शे. पहिले तिले जेवाडसू, मंग म्हनसू.’

पुन्हा भांडी वाजली. एक लहान मूल खुदकन हसलं. मला अक्कांकडे बघायचा धीर होईना. बऱ्याच वेळाने गाणं सुरू झालं. आवाज खरंच गोड होता, आम्ही सगळे माना डोलवायला लागलो.

अक्कांनी मात्र हात वर केला.

‘गानं ऱ्हाऊ द्या,’ त्या म्हणाल्या. ‘पोर भुकी शे, ते परत लावा.’